मुक्ताईनगरचा वाहनबाजार : हप्ता महिन्याचा, पैसा हंगामाचा

मुंबई-नागपूर राष्ट्रीय महामार्गाने भुसावळ मागे टाकून पूर्वेकडे निघाले की विदर्भाची हद्द लागण्यापूर्वी मुक्ताईनगर येते. पूर्वीचे एदलाबाद ते हेच. संत मुक्ताबाईंच्या वास्तव्याने पावन झालेला हा परिसर वारकऱ्यांना जितका परिचित आहे, तितकाच तो केळी व कापूस यांच्या व्यापाऱ्यांनाही परिचित आहे. चांगदेव येथे तापी व पूर्णा या नद्यांचा संगम होतो. जवळच हतनूरचे धरण आहे. नदीकाठच्या व बागायती गावांत केळीच्या बागा, तर पाण्यापासून दूर असलेल्या शिवारात कापूस, मका व हरभरा अशी येथील शेतीची सर्वसाधारण विभागणी आहे.

ज्या तालुक्यात शेतमाल सतत हलता असतो, त्या तालुक्यात वाहन ही चैनीची वस्तू राहत नाही. केळीचे घड बागेतून रस्त्यापर्यंत आणण्यास ट्रॅक्टर लागतो, बाजारात नेण्यास मालवाहू गाडी लागते, आणि शेत गावापासून चार-पाच किलोमीटरवर असेल तर शेतकऱ्यास मोटारसायकलही लागते. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका यांचे कामही दुचाकीवाचून चालत नाही. म्हणूनच वाहनविक्रीच्या दुकानांवर मंदीचे सावट येते, तेव्हा तो केवळ त्या दुकानदारांपुरता प्रश्न असतो असे मानता येणार नाही. या व्यवसायाची घडण कशी आहे, मंदी त्यात कोठून शिरते आणि तिचा भार अखेर कोणावर पडतो, हे समजून घेणे गावाच्या कारभाराशी संबंधित असलेल्या प्रत्येकास उपयोगाचे ठरेल.

वाट पाहणारा ग्राहक, वाट पाहणारी गाडी

आज वयाची साठी ओलांडलेल्या मंडळींना स्कूटरची नोंदणी आठवत असेल. १९७० च्या व १९८० च्या दशकांत बजाज स्कूटरसाठी अनामत रक्कम भरून ग्राहक कित्येक वर्षे थांबत असे. मोटारींत अॅम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांखेरीज फारशी निवड नव्हती. अशा काळात विक्रेत्यास ग्राहक शोधावा लागत नसे. कारखान्याकडून आलेली गाडी यादीतील पुढच्या माणसास द्यावयाची, एवढेच त्याचे काम. गाडी दुकानात उभी राहण्याचा प्रश्न नव्हता. व्याजाचा तर नव्हताच. उलट ग्राहकाचीच रक्कम आगाऊ जमा असे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, पुढे उत्पादनावरील निर्बंध सैल झाले, १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या आणि हे चित्र पूर्णपणे उलटले. आता ग्राहकाने थांबावयाचे नसून गाडीने थांबावयाचे असते. ज्या दिवशी ती विक्रेत्याच्या नावावर कारखान्यातून निघते, बहुधा त्याच दिवसापासून तिच्या किमतीवर बँकेचे व्याज सुरू होते. विक्रेत्याने गाडी घेतली म्हणजे कंपनीच्या दृष्टीने विक्री झाली. वृत्तपत्रांत दरमहा प्रसिद्ध होणारे कंपन्यांच्या विक्रीचे आकडे पुष्कळदा याच विक्रीचे असतात. गाडी प्रत्यक्ष ग्राहकाच्या अंगणात पोहोचली की नाही, हे त्यांवरून कळत नाही.

तालुक्याच्या गावी या साखळीला आणखी एक कडी जोडलेली असते. मुख्य वितरक जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या ठिकाणी असतो. तालुक्यातील दुकान बहुधा त्याच्या उपविक्रेत्याचे असते. उपविक्रेत्याचा कंपनीशी थेट करार नसतो. मुख्य वितरकाला मिळणाऱ्या मोबदल्यातील एक हिस्सा त्याला मिळतो. जागेचे भाडे, दोन-चार विक्री-कर्मचारी, एखादा हिशेबनीस, दुरुस्तीसाठी कारागीर, आणि मध्यभागी सात-आठ चकचकीत गाड्या असे या दुकानाचे स्वरूप असते. बाहेरून पाहणाऱ्यास ती संपत्ती वाटते. वस्तुतः त्यातील बराचसा भाग कर्जाचा असतो.

एका दुकानाचा हिशेब

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या दुचाकी विक्रेत्याकडे ३० गाड्या उभ्या आहेत आणि प्रत्येकीची किंमत ८० हजार रुपये आहे. म्हणजे २४ लाख रुपये गुंतले. त्यावर वार्षिक १० टक्के दराने दरमहा २० हजार रुपये व्याज होते. प्रत्येक गाडीमागे साडेतीन हजार रुपये सुटतात असे धरल्यास, महिन्याला ३० गाड्या विकल्यावर १ लाख ५ हजार रुपये हाती येतात. व्याज वजा जाता ८५ हजार उरतात. त्यांतून पगार, भाडे, वीज व जाहिरात भागवावयाची.

आता पाऊस लांबला आणि विक्री निम्म्यावर आली असे समजू. ठरल्याप्रमाणे दरमहा ३० गाड्या येतच राहिल्या, तर पहिल्या महिनाअखेर दुकानात ४५ गाड्या उभ्या राहतील आणि दुसऱ्या महिनाअखेर ६०. गुंतलेली रक्कम ४८ लाखांवर जाते, व्याज ४० हजारांवर. ग्राहकास ओढण्यासाठी प्रत्येक गाडीमागे एक हजार रुपये सोडावे लागले, तर १५ गाड्यांमागे मिळकत होते साडेसदतीस हजारांची. म्हणजे पगार व भाडे देण्यापूर्वीच दुकान तोट्यात गेले. येथे विक्री अर्ध्यावर आली, शून्यावर नव्हे. आणि काळ गेला अवघा दोन महिन्यांचा. मंदीचा पहिला घाव विक्रीच्या घटीपेक्षा साठलेल्या मालाच्या व्याजातून बसतो, तो असा.

मोटारींच्या बाबतीत रकमा मोठ्या असल्याने हा घावही मोठा असतो. आठ लाख रुपयांची एक मोटार तीन महिने उभी राहिली तर त्याच दराने २० हजार रुपये व्याज एकटीवर चढते. वाहन विक्रेत्यांच्या अखिल भारतीय महासंघाने २१ दिवसांपुरताच साठा असावा, असे वारंवार सांगितले आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर देशभरातील विक्रेत्यांकडे मोटारींचा साठा ८० ते ८५ दिवसांचा झाल्याचे आणि त्याची किंमत सुमारे ७९ हजार कोटी रुपये असल्याचे याच महासंघाने जाहीर केले होते.

पिकाचे पंचांग

खानदेशात वाहनखरेदीचे वेळापत्रक शेतीवर बेतलेले असते. कापसाचा पैसा दसऱ्यानंतर दिसू लागतो आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत येत राहतो. केळीची लागवड येथे मुख्यतः मृगबाग व कांदेबाग अशा दोन हंगामांत होते; लागवडीपासून कापणीपर्यंत वर्षभराचा, कधी त्याहून अधिक काळ जातो. कापणी मात्र टप्प्याटप्प्याने होत असल्यामुळे बागायतदाराकडे पैसा एकदम न येता काही आठवडे येत राहतो. मे-जूनमधील एका वादळात उभी बाग आडवी होऊ शकते. तसे झाले की त्या घरातील ट्रॅक्टरचा, मोटारीचा किंवा मुलाच्या मोटारसायकलीचा बेत पुढील वर्षावर जातो.

याखेरीज मुहूर्त असतात. गुढीपाडवा, खानदेशातील मोठा सण असलेली आखाजी, दसरा व धनत्रयोदशी या दिवसांवर विक्रेत्यांची भिस्त असते. पितृपंधरवड्यात दुकान उघडे असले तरी गाडी सहसा बाहेर पडत नाही.

कंपनीचे उद्दिष्ट मात्र महिन्याचे, तिमाहीचे व आर्थिक वर्षाचे असते. जूनमध्ये शेतकरी बी-बियाण्यांत गुंतलेला असतो, हे कारखान्याच्या वेळापत्रकास ठाऊक नसते. तालुक्यातील विक्रेता या दोन पंचांगांच्या मध्ये उभा असतो.

कापसाच्या भावाचेच उदाहरण घ्यावे. २०२१-२२ च्या हंगामात कापसास क्विंटलमागे दहा हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. पुढल्या वर्षी भाव उतरला, तेव्हा पूर्वीचा भाव पुन्हा येईल या आशेने जळगाव जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांनी कापूस घरातच साठवून ठेवला. किमान आधारभूत किंमत त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसास ६,३८० रुपये होती. घरात कापूस होता, पण हातात रोकड नव्हती. अशा वर्षी पीक चांगले असूनही दुकाने ओस पडतात. पिकाच्या केवळ आकड्यांवरून बाजाराचा अंदाज बांधणाऱ्यास हे कोडे वाटते. शेतकऱ्यास ते वाटत नाही.

एकामागून एक धक्के

गेल्या दशकात या व्यवसायास बसलेले धक्के पाहिले तर त्यांतील पुष्कळसे शेतीबाहेरून आले होते, असे दिसून येते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी मोठ्या नोटा रद्द झाल्या. ग्रामीण भागात दुचाकीची खरेदी बव्हंशी रोखीने होत असल्याने त्या डिसेंबरात देशातील दुचाकींची विक्री मागील वर्षाच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी घटली. त्यातून सावरत असतानाच, २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या, म्हणजे भारत-३ या प्रदूषण मानकाच्या गाड्या १ एप्रिलपासून विकण्यास मनाई केली. देशात अशा सुमारे आठ लाख गाड्या शिल्लक होत्या. उरलेल्या दोन दिवसांत मोठ्या सवलती देऊन त्या खपविण्यासाठी दुकानांसमोर रांगा लागल्या. ग्राहकांना तो उत्सव वाटला. ज्यांच्याकडे माल उरला, त्यांना तसे वाटण्याचे कारण नव्हते.

२०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेने देणी थकविल्यानंतर बिगर-बँक वित्तसंस्थांकडील पैसा आटला. ग्रामीण भागात वाहनकर्ज मुख्यतः याच संस्था देत असल्याने ग्राहक तयार, गाडी तयार, पण कर्ज मंजूर होत नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी उद्भवली. त्याच महिन्यापासून नव्या दुचाकीचा त्रयस्थ पक्ष विमा पाच वर्षांचा व मोटारीचा तीन वर्षांचा एकदम भरणे आवश्यक झाले. अपघातग्रस्तांच्या हिताच्या दृष्टीने ही सुधारणा योग्यच होती. तथापि खरेदीच्या दिवशी भरावयाची रक्कम वाढली, आणि तीच नेमकी ग्रामीण ग्राहकाची अडचण असते. परिणामी २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी ११ लाखांहून अधिक दुचाकी विकल्या गेल्या होत्या, त्या २०१९-२० मध्ये १ कोटी ७४ लाखांवर आल्या. मोटारींची विक्री सुमारे १८ टक्क्यांनी घटली.

यानंतर आला २०२० चा मार्च. भारत-४ मानकाच्या गाड्या विकण्याची मुदत ३१ मार्च रोजी संपणार होती. शिल्लक माल गुढीपाडव्यास जाईल, असा विक्रेत्यांचा हिशेब होता. पाडवा होता २५ मार्चला. आणि देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तीही २५ मार्चलाच. मुहूर्ताच्या दिवशी दुकानांना कुलपे लागली. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च रोजी शिल्लक मालापैकी १० टक्के गाड्या टाळेबंदी उठल्यावर दहा दिवस विकण्याची दिलेली सवलत पुढे ८ जुलै रोजी मागे घेण्यात आली. एप्रिलमध्ये आखाजी आली आणि गेली. देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने त्या महिन्यात देशांतर्गत बाजारात एकही गाडी विकली नाही. संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२० मध्ये सादर केलेल्या अहवालात टाळेबंदीच्या काळात वाहन उद्योगाचे दररोज २,३०० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा व सुमारे ३ लाख ४५ हजार रोजगार गेल्याचा अंदाज नोंदविला आहे.

तग कशी धरली जाते

अशा काळात दुकान तगते ते पुढच्या काचेच्या दालनामुळे नव्हे, तर मागच्या कार्यशाळेमुळे. नवी गाडी घेणे पुढे ढकलता येते, पण जुन्या गाडीचे तेल, क्लच, ब्रेक व टायर पुढे ढकलता येत नाहीत. किंबहुना नवी गाडी घेतली जात नाही तेव्हा जुनीची दुरुस्ती वाढते. सुटे भाग व मजुरी यांतून मिळणाऱ्या रकमेत पगार व भाडे भागले, तर विक्री महिनाभर मंदावली तरी दुकान बंद पडत नाही. ज्या विक्रेत्यांनी चांगल्या काळात कारागिरांच्या प्रशिक्षणावर व अवजारांवर खर्च केला, त्यांना वाईट काळात त्याचा आधार मिळतो. ज्यांनी तो पैसा दर्शनी भागाच्या सजावटीत घातला, त्यांच्या वाट्याला भाड्याची नोटीस येते.

येथे कारागिरांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. एप्रिल २०२० पासून नव्या मानकाच्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणेने घेतली. कानाने इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा जुना मिस्त्री या गाडीपुढे अडखळतो. दोष शोधण्यास संगणकीय यंत्र लागते. तालुक्यात ही विद्या ज्या तरुणांपाशी आहे, ते पुष्कळदा अधिकृत दुकानाच्या कार्यशाळेतच तयार झालेले असतात. दुकान बंद झाले की हे तरुण पुणे, नाशिक किंवा सुरतेची वाट धरतात. दुकान वर्षाने पुन्हा उघडता येते. गेलेला कारागीर परत येईलच असे नाही. आपल्या विद्यार्थ्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट दाखविणाऱ्या शिक्षकांनी मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाबरोबर या नव्या यंत्रणांचे प्रात्यक्षिक कोठे मिळते, याचीही चौकशी करावी.

दुसरा आधार जुन्या गाड्यांच्या व्यवहाराचा. जुनी गाडी घेऊन नवी दिली की ग्राहकाची तातडीची रक्कम कमी होते, आणि जुनी गाडी ज्याला नवी परवडत नाही अशा दुसऱ्या ग्राहकास मिळते. नोंदणीकृत विक्रेत्यास या व्यवहारात वस्तू व सेवा कर केवळ फरकाच्या रकमेवर द्यावा लागतो. मात्र नोंदणी पुस्तकातील नाव वेळेवर न बदलल्यास अपघाताच्या प्रसंगी मूळ मालक अडचणीत येतो. गावोगावी अशा बिननावाच्या गाड्या फिरत असतात. ग्रामसभेत याविषयी दोन शब्द सांगणे वावगे होणार नाही.

तिसरा मार्ग हप्त्याच्या बांधणीचा. ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही किंवा पिकानुसार हप्त्याची पद्धत रूढ आहे. दुचाकीच्या कर्जात मात्र हप्ता महिन्याचाच असतो, मग कर्जदार नोकरदार असो वा कापूस उत्पादक. जुलै-ऑगस्टमध्ये कापूस उत्पादकाचे हप्ते थकतात, दंड लागतो, गाडी ओढून नेण्यापर्यंत वेळ येते, आणि त्या गावात पुढील कर्ज देताना वित्तसंस्था हात आखडता घेते. याचा फटका वेळेवर हप्ते भरणाऱ्यासही बसतो. ट्रॅक्टरला जे लागू होते ते शेतकऱ्याच्या मोटारसायकलीला का लागू होऊ नये, हा प्रश्न तालुका पातळीवरील बँक अधिकाऱ्यांच्या बैठकीत मांडण्यासारखा आहे.

रस्ता रुंद झाला

महामार्गाचा चिखली ते तरसोद हा टप्पा चौपदरी झाल्यापासून मुक्ताईनगरहून भुसावळ व जळगाव जवळ आले. शेतमालाच्या व रुग्णांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. परंतु मोटार घेणारा ग्राहक आता तालुक्यातील दुकानात चौकशी करून थेट जळगावच्या मोठ्या दालनात जातो. तेथे रंगांची निवड अधिक असते आणि कधी हजार-दोन हजारांची सवलतही अधिक मिळते. दुरुस्तीसाठी मात्र तो तालुक्यातच येतो. उपविक्रेत्याच्या पदरी कमी मोबदल्याचे काम उरते, ते असे. यात ग्राहकाचा दोष नाही.

उपविक्रेत्यास आणखी एक धोका असतो. कंपनीनेच देशातून काढता पाय घेतला तर काय, याचे उत्तर त्याच्या हाती नसते. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबविली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दालने उभारण्यासाठी घातलेला विक्रेत्यांचा पैसा अशा वेळी अडकतो, आणि ग्राहकास सुटे भाग कोठे मिळतील याची विवंचना लागते. विक्रेता व कंपनी यांच्यातील करारास संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा असावा, अशी शिफारस उपर्युक्त संसदीय समितीने केली होती. मुख्य वितरकासाठी असा कायदा झाला तरी त्याची छाया उपविक्रेत्यापर्यंत पोहोचेल की नाही, हा मुद्दा निराळा. त्याचा करार मुख्य वितरकाशी असतो, आणि कित्येकदा तो तोंडीच असतो.

कर उतरला तेव्हा

कर कमी झाला की बाजार तेजीत येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तो कमी होण्यापूर्वीचे दिवस कसे जातात, हे मात्र २०२५ मध्ये दिसून आले. वस्तू व सेवा करात सुधारणा होणार असल्याची घोषणा १५ ऑगस्ट रोजी झाली, परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरला झाला आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील व लहान मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरवरील १२ वरून ५ टक्क्यांवर. मधल्या पाच आठवड्यांत गणेशोत्सव येऊन गेला, त्यामागून पितृपंधरवडा आला, आणि ग्राहक थांबून राहिला. थांबणे त्याच्या हिताचेच होते. सणासाठी भरलेली दुकाने व्याज मोजत उभी राहिली. शिवाय मोटारींवर पूर्वी जो भरपाई उपकर भरला गेला होता, तो उपकरच रद्द झाल्याने त्याची वजावट विक्रेत्यांना वापरता येईना. दुचाकींच्या विक्रेत्यांना, त्यांच्या बहुतेक गाड्यांवर तो उपकर नसल्याने, ही अडचण जाणवली नाही. घटस्थापनेपासून मागणी उसळली, हेही तितकेच खरे.

आता व्यवहारात सावध झालेले विक्रेते पावसाळ्यात माल कमी मागवितात, नोंदणी झाल्यावरच गाडी आणतात आणि दुकानात दाखविण्यापुरत्या मोजक्या गाड्या ठेवतात. पण एका महिन्यावर हा उपाय चालत नाही. ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजले की दुकानात उभी असलेली प्रत्येक गाडी मागल्या वर्षीची होते. ती वापरलेली नसते, तिचे चाकही फिरलेले नसते, तरी ग्राहक तिची किंमत कमी धरतो. म्हणून डिसेंबरात सवलती देऊन माल काढावा लागतो. खानदेशातील कापूस उत्पादकाच्या हाती पुरेसा पैसा यावयास तेव्हा अजून काही आठवडे असतात.